पत्र पोचवणारा, पत्र अडवणारा: अमेरिकेचा पोस्टमास्टर जनरल



आजचा विषय अमेरिकेचा पोस्टमास्टर जनरल. सुरुवातीलाच एक घोळ दूर करू या. आपल्याकडे पोस्टमास्टर जनरल म्हणजे एका प्रदेशाचा अधिकारी. मुंबईला मुख्य पोस्टमास्टर जनरल बसतात, त्यांच्या हाताखाली पुणे, नागपूर, गोवा अशा भागांचे पोस्टमास्टर जनरल असतात आणि सगळ्या देशाच्या टपालाचा प्रमुख दिल्लीत असतो, त्याला महासंचालक म्हणतात. अमेरिकेत हे पद एकच, अख्ख्या देशाचं. आणि १८२९ पासून १९७१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दीड शतक, हा माणूस थेट राष्ट्राध्यक्षाच्या मंत्रिमंडळात बसत होता. परराष्ट्रमंत्री, अर्थमंत्री, युद्धमंत्री आणि त्यांच्या पंगतीला हा टपालवाला.

आता कुणी म्हणेल, टपालाला एवढा मान कशाला? तर १८३१ सालची अमेरिका डोळ्यांपुढे आणा. सैन्य सोडून केंद्र सरकारची जेवढी नोकरमाणसं होती, त्यातली तीन चतुर्थांश पोस्टाची होती. पोलीस राज्यांचे, शाळा गावच्या, रस्ते बरेचसे खाजगी कंपन्यांचे. केंटकीच्या जंगलात राहणाऱ्या शेतकऱ्याला 'सरकार' नावाची वस्तू दिसायची ती एकाच रूपात: गावातल्या वाण्याच्या दुकानाचा एक कोपरा, तिथे मांडलेली कप्प्यांची फळी, आणि आठवड्यातून एकदा येणारी टपालाची थैली. १७९० मध्ये सगळ्या देशात पोस्ट ऑफिसं होती ७५. १८३० मध्ये ती झाली ८,४५०. प्रत्येक ठिकाणी एक पोस्टमास्तर, आणि त्या पोस्टमास्तरांच्या नेमणुकीची दोरी वॉशिंग्टनमध्ये एका माणसाच्या हातात.

म्हणून या खुर्चीला दोन ताकदी मिळाल्या. एक उघड होती: नोकऱ्या वाटायची. दुसरी झाकलेली होती. देशातलं प्रत्येक पत्र, प्रत्येक वर्तमानपत्र ज्याच्या थैलीतून जातं, त्यानं एखादी गोष्ट न पोचवायचं ठरवलं तर काय होतं? त्याला फौज लागत नाही, कोर्टाचा हुकूम लागत नाही. थैली नुसती पडून राहिली की झालं. आज मी मुख्यतः या दुसऱ्या ताकदीबद्दल बोलणार आहे, पण पहिलीशिवाय दुसरी कळत नाही, म्हणून दोन्हींचा धागा धरून जाऊ.

पहिलं नाव अर्थातच बेंजामिन फ्रँकलिन. तो १७३७ मध्ये फिलाडेल्फियाचा पोस्टमास्तर झाला. त्याच्या आधी तिथे अँड्र्यू ब्रॅडफर्ड होता. ब्रॅडफर्ड पोस्टमास्तरही होता आणि वर्तमानपत्राचा मालकही. फ्रँकलिनचं वर्तमानपत्र म्हणजे त्याचं प्रतिस्पर्धी. तेव्हा ब्रॅडफर्डनं हरकाऱ्यांना सांगून ठेवलं होतं, याचा अंक न्यायचा नाही. फ्रँकलिन मग हरकाऱ्यांचे हात ओले करून आपले अंक गुपचूप पाठवायचा. हे त्यानं स्वतःच आत्मचरित्रात सांगून टाकलंय. म्हणजे बघा, अमेरिकन टपालाच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर आपला प्रश्न उभा आहे: थैली ज्याच्या हातात, त्याला न आवडणारं छापील कागद त्या थैलीतून जाणार की नाही?

पुढे १७५३ मध्ये ब्रिटिश सरकारनं फ्रँकलिनला वसाहतींच्या टपालाचा प्रमुख केला, विल्यम हंटर नावाच्या जोडीदारासह. काम त्यानं चोख केलं, रात्रीचंही टपाल सुरू केलं. आणि १७७४ च्या जानेवारीअखेर त्याला काढून टाकलं. का? मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर थॉमस हचिन्सन याची खाजगी पत्रं लंडनमध्ये फ्रँकलिनच्या हाती लागली, त्यानं ती बॉस्टनला पाठवली आणि तिथे ती छापून आली. ती कुठून मिळाली हे त्यानं सांगितलं नाही. टपालाचा प्रमुख, आणि दुसऱ्याची पत्रं फोडल्याचा ठपका! पुढच्या वर्षी, २६ जुलै १७७५ ला, बंडखोर वसाहतींच्या काँग्रेसनं त्यालाच आपला पहिला पोस्टमास्टर जनरल नेमला. पगार वर्षाला हजार डॉलर.

इथे एक बाई आठवल्याशिवाय पुढे जाववत नाही. मेरी कॅथरीन गोडार्ड. बाल्टिमोरची मुद्रक. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची सह्या करणाऱ्यांच्या नावांसह पहिली छापील प्रत १७७७ मध्ये तिच्या छापखान्यातून निघाली. १७७५ पासून ती बाल्टिमोरची पोस्टमास्तरही होती. १७८९ मध्ये नवं संघराज्य उभं राहिलं, सॅम्युएल ऑस्गुड पोस्टमास्टर जनरल झाला आणि बाईंना काढलं. कारण काय, तर या कामात प्रवास फार, बाईमाणसाला झेपणार नाही. चौदा वर्षं झेपत होतं! गावातल्या दोनशेहून जास्त लोकांनी सह्या करून अर्ज दिला, तिनं स्वतः वॉशिंग्टनला लिहिलं. वॉशिंग्टननं मध्ये पडायला नकार दिला. नेमणूक हा पोस्टमास्टर जनरलचा प्रांत.

१७९२ चा कायदा फार महत्त्वाचा, पण तो मी भराभर सांगतो. त्यात तीन गोष्टी झाल्या. पत्राचं हशील जबर ठेवलं, अंतराप्रमाणे सहा ते पंचवीस सेंट. वर्तमानपत्राचं मात्र नाममात्र, शंभर मैलांपर्यंत एक सेंट, त्यापुढे दीड सेंट. म्हणजे व्यापाऱ्यांच्या पत्रांच्या जिवावर वर्तमानपत्रं खेड्यापाड्यांत पोचवायची. दुसरं, टपाल कुठल्या रस्त्यानं जाणार हे काँग्रेस ठरवणार. आणि तिसरं, पोस्टाच्या माणसानं पत्र फोडलं किंवा दाबून ठेवलं तर तो गुन्हा. १८३१ मध्ये फ्रेंच प्रवासी अ‍ॅलेक्सी द तॉकव्हील तिथे फिरला, तेव्हा ओसाड रानातसुद्धा माणसं वर्तमानपत्रं वाचतायत हे बघून तो चाटच पडला.

पण या थैल्या कुणी उचलायच्या यावरही नियम होता, आणि तो नियम कुठल्या भीतीतून आला हे ऐका. १८०२ मध्ये गिडियन ग्रेंजर हा पोस्टमास्टर जनरल होता. त्यानं एका सिनेटरला पत्र लिहिलं. मतितार्थ असा: काळ्या माणसांना टपाल न्यायला ठेवू नका, रोज माणसांत मिसळून, चार गोष्टी कानावर पडून त्यांना कळेल की माणसाचे हक्क रंगावर अवलंबून नसतात. हैतीत गुलामांचं बंड पेटलेलं होतं. त्याच वर्षी कायदा झाला, टपालवाहक गोराच हवा, आणि तो १८६५ पर्यंत टिकला. टपालामुळे माणूस शहाणा होतो, हे टपालखात्याच्या प्रमुखानं इतक्या स्पष्ट शब्दांत कबूल केलं आणि म्हणूनच दार लावून घेतलं.

आता १८२९. अँड्र्यू जॅक्सन राष्ट्राध्यक्ष झाला. तोवर जॉन मॅक्लीन हा अत्यंत कर्तबगार माणूस पोस्टमास्टर जनरल होता. पक्ष बघून माणसं काढणं त्याला पसंत नव्हतं. जॅक्सननं त्याला सन्मानानं वर उचलून सुप्रीम कोर्टात न्यायाधीश केलं आणि खुर्ची मोकळी केली. (पुढे १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात, गुलामाला नागरिक मानायला कोर्टानं नकार दिला तेव्हा, विरोधात निकाल लिहिणाऱ्या दोघांपैकी एक हाच मॅक्लीन.) मग विल्यम बॅरी आला. तो मंत्रिमंडळात बसणारा पहिला पोस्टमास्टर जनरल. निवडणूक जिंकली की गावोगावच्या पोस्टमास्तरांच्या जागा आपल्या माणसांना. बॅरीच्या काळात खात्याचा हिशेब इतका बिघडला की काँग्रेसला चौकशी लावावी लागली. १८३५ च्या मे महिन्यात ही निस्तरायची जबाबदारी जॅक्सननं आपल्या विश्वासातल्या माणसावर टाकली. त्याचं नाव एमॉस केंडल, पेशानं पत्रकार.

केंडल येऊन तीन महिनेही झाले नव्हते.

न्यू यॉर्कमध्ये अमेरिकन अँटी-स्लेव्हरी सोसायटी नावाची गुलामगिरीविरोधी संस्था होती. आर्थर आणि लुइस टॅपन हे रेशमाचे श्रीमंत व्यापारी तिच्या पाठीशी होते. वाफेवर चालणारी छपाई यंत्रं आली होती, छपाई स्वस्त झाली होती, आणि छापील मजकुराचं टपालहशील तर आधीच नगण्य. संस्थेनं ठरवलं, दक्षिणेतल्या प्रतिष्ठित माणसांची नावं काढायची, पाद्री, वकील, व्यापारी, आणि त्यांना गुलामगिरीविरोधी पत्रकं पोस्टानं पाठवायची. मागितलेली नाहीत, तशीच. हजारोंच्या संख्येनं. गुलामांना नव्हे हं, गोऱ्या मालकांना. मतपरिवर्तनासाठी.

पण दक्षिणेतला गोरा माणूस भ्यालेला होता. चारच वर्षांपूर्वी व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलामाच्या नेतृत्वाखाली बंड झालं होतं, पन्नासहून जास्त गोरे मारले गेले होते. साउथ कॅरोलायनात तर गोऱ्यांपेक्षा गुलामांची संख्या जास्त. गुलामाला वाचायला शिकवणं हा तिथे १८३४ पासून गुन्हा होता. आणि पत्रकांवर चित्रंही होती.

२९ जुलै १८३५ ला 'कोलंबिया' नावाची आगबोट न्यू यॉर्कहून चार्ल्स्टनच्या बंदराला लागली. पोस्टमास्तर आल्फ्रेड ह्यूजरनं थैल्या उघडल्या आणि त्याच्या पोटात गोळाच आला. तो स्वतः गुलामगिरीचा समर्थक, पण पोस्टाची शपथ घेतलेला माणूस. त्यानं पत्रकं बाकीच्या टपालातून वेगळी काढून ठेवली आणि वरिष्ठांना विचारायचं ठरवलं. रात्री जमाव आला, खिडकी फोडून आत शिरला आणि नेमकी ती पत्रकं उचलून घेऊन गेला. बाकीच्या टपालाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानात टॅपन वगैरे मंडळींचे पुतळे टांगून त्यांच्याखाली या पत्रकांची होळी झाली. बघायला दोन-तीन हजार माणसं. शहरातली भली भली माणसं.

ह्यूजरनं न्यू यॉर्कच्या पोस्टमास्तराला लिहिलं, बाबा, असलं टपाल तिकडेच थांबव. आणि वॉशिंग्टनला केंडलला विचारलं, मी काय करू?

केंडलचं उत्तर ४ ऑगस्टचं आहे. सरकारी पत्र कसं लिहावं याचा हा नमुना म्हणायला हवा, वाईट अर्थानं. तो म्हणतो, कुठलंही छापील टपाल वगळायचा कायदेशीर अधिकार मला नाही. तसा हुकूम मी देऊ शकत नाही. पण ही पत्रकं पोचवा असंही मी तुम्हाला सांगणार नाही. कायद्याप्रती आपलं कर्तव्य आहे खरं, पण ज्या समाजात आपण राहतो त्याच्याप्रती त्याहून मोठं कर्तव्य आहे. तुम्ही जे केलंत त्याला मी मंजुरी देत नाही, आणि तुम्हाला दोषही देत नाही.

म्हणजे काय? नाही म्हणायचं नाही, हो म्हणायचं नाही, आणि काम मात्र व्हायला हवं तसंच होतं. लेखी बंदी असती तर कुणी कोर्टात गेलं असतं. इथे बंदीच नाही! आहे ते फक्त एका पोस्टमास्तराचं सद्सद्विवेकानं गप्प बसणं. आणि आता मघाचा नोकऱ्यांचा धागा इथे जोडा. हा पोस्टमास्तर नेमलेला कुणी? काढणार कोण? देशभरच्या पोस्टमास्तरांनी ते पत्र वाचलं आणि साहेबाच्या मनात काय आहे ते ओळखलं. असे ठिकठिकाणचे हजारो छोटे सेन्सॉर केंडलनं एका पत्रात तयार केले, एकालाही हुकूम न देता.

खुद्द जॅक्सनची सूचना आणखी वेगळी होती. त्यानं केंडलला लिहिलं की ही पत्रकं फक्त जो येऊन मागेल त्यालाच द्यावीत, आणि जो मागेल त्याचं नाव टिपून ठेवून जाहीर करावं. ही युक्ती लक्षात ठेवा. आपण तिच्याकडे परत येणार आहोत, एकशेतीस वर्षांनी.

डिसेंबरमध्ये जॅक्सननं काँग्रेसकडे कायदा मागितला: भडकाऊ साहित्य दक्षिणेत टपालानं पाठवायला बंदी. त्याला अडवलं कुणी? जॉन कॅल्हूननं, म्हणजे गुलामगिरीच्या सगळ्यात कडव्या पुढाऱ्यानं! त्याचं म्हणणं, आज केंद्र सरकार हे भडकाऊ ठरवेल, उद्या दुसरंच काही ठरवेल. ठरवायचा हक्क राज्यांचा, पोस्टानं फक्त राज्याचा कायदा पाळावा. त्याचंही विधेयक जून १८३६ मध्ये सिनेटमध्ये २५ विरुद्ध १९ मतांनी पडलं. आणि जुलैमध्ये जो टपाल कायदा झाला, त्यात उलटच लिहिलं: बेकायदा टपाल अडवणाऱ्या पोस्टमास्तराला शिक्षा.

कागदावर गुलामगिरीविरोधी माणसं जिंकली असं वाटेल. प्रत्यक्षात दक्षिणेत ही पत्रकं यादवी युद्धापर्यंत पोचली नाहीत. १८५७ मध्ये मिसिसिपीतल्या एका पोस्टमास्तरानं ओहायोचं वर्तमानपत्र अडवलं, तर देशाच्या अ‍ॅटर्नी जनरलनं, केलेब कुशिंगनं, अभिप्राय दिला की त्यानं बरोबर केलं. आणि १८६० मध्ये लिंकन निवडून आला तेव्हा दक्षिणेला ज्या भीती वाटल्या त्यातली एक अगदी साधी होती: आता पोस्टमास्तर तो नेमणार. थैल्या उघडायला त्याची माणसं बसणार.

केंडलला मी खलनायक करत नाही. त्यानं खात्याचं कर्ज फेडलं, हिशेब सरळ केले. पुढे मॉर्सच्या तारायंत्राचा धंदा त्यानं उभा केला, मुकबधिरांच्या शाळेला जमीन दिली, तिचं आज विद्यापीठ झालंय. माणूस चांगलाच असावा. मला तर म्हणूनच ते पत्र जास्त अस्वस्थ करतं.

यादवी युद्धाच्या काळात माँटगोमेरी ब्लेअर हा लिंकनचा पोस्टमास्टर जनरल होता. १८६३ मध्ये मोठ्या शहरांत टपाल घरपोच द्यायला त्यानं सुरुवात केली, तेही वेगळे पैसे न घेता. तोवर लोक पोस्टात जाऊन रांगेत उभे राहायचे. दुसऱ्या वर्षी मनीऑर्डर आली. आणि त्याच्याच पुढाकारानं १८६३ मध्ये पॅरिसला पंधरा देशांची टपाल परिषद भरली. एका देशातून दुसऱ्या देशात पत्र पाठवायचं तर किती गोंधळ होता, प्रत्येक देशाशी वेगळा करार, वेगळे दर! त्या परिषदेतून पुढे १८७४ चा बर्नचा करार झाला, जागतिक टपाल संघ झाला. भारत त्यात १ जुलै १८७६ ला आला.

हे सांगतोय ते अशासाठी की आपल्याला माहीत असलेली एक गोष्ट याच रस्त्यानं घडली. गोपाळराव जोशी पोस्टात नोकरीला होते. पत्नीला डॉक्टरीण करायची या ध्यासानं त्यांनी अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र तिकडच्या मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी ते वाचलं आणि आनंदीबाईंशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. एका कारकुनाच्या पगारात दोन खंडांमध्ये वर्षानुवर्षं पत्रं जाऊ शकली याच्यामागे ते ठरलेले, परवडणारे दर होते. आनंदीबाई १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या तेव्हा समोरच्या बाईला कधी भेटलेल्या नव्हत्या, पण मावशी म्हणण्याइतकी ओळख टपालानं करून दिली होती.

पुढचा माणूस मोठा मजेदार. जॉन वानामेकर, फिलाडेल्फियाच्या प्रचंड दुकानाचा मालक. १८८८ च्या निवडणुकीत त्यानं बेंजामिन हॅरिसनसाठी पैसा गोळा केला आणि बक्षीस म्हणून पोस्ट मिळालं. पहिल्या वर्षातच सुमारे ३० हजार पोस्टमास्तरांना नारळ मिळाला. अर्थात आधीच्या पक्षानंही तेच केलं होतं; तेव्हा ज्या सहायकानं ही कत्तल केली, तो अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन पुढे उपराष्ट्राध्यक्ष झाला. पण हाच वानामेकर दुकानदाराच्या डोक्यानं विचार करत होता. तो म्हणाला, शहरातल्या माणसाला पत्र घरी मिळतं आणि शेतकऱ्यानं मैलोन्मैल चिखल तुडवत पोस्टात यायचं, हा कुठला न्याय? टपाल शेतावर गेलं पाहिजे, पार्सलंही पोस्टानं गेली पाहिजेत. पार्सलांना आडव्या आल्या एक्सप्रेस कंपन्या, खेड्यातले दुकानदारही घाबरले. ग्रामीण बटवडा १ ऑक्टोबर १८९६ ला वेस्ट व्हर्जिनियात सुरू झाला, वानामेकर गेल्यावर. पार्सल पोस्ट तर १ जानेवारी १९१३ ला. (ते सुरू झाल्यावर काही आईबापांनी तिकिटं लावून चक्क मुलंच आजी-आजोबांकडे पाठवली. पोस्टानं ती नेलीही! मग नियम करावा लागला.) आणि याच सुधारक वानामेकरच्या खात्यानं १८९० मध्ये टॉलस्टॉयची 'क्रॉइट्झर सोनाटा' टपालातून न्यायला बंदी केली. एकाच माणसात दोन्ही होतं.

यानंतर येतो तो अल्बर्ट बर्लसन. टेक्सासचा. १९१३ ते १९२१. राष्ट्राध्यक्ष वूड्रो विल्सन. पोस्ट हे काळ्या अमेरिकनांना बऱ्यापैकी पगाराची, इज्जतीची सरकारी नोकरी मिळण्याचं मोठं ठिकाण होतं. एप्रिल १९१३ मध्ये बर्लसननं मंत्रिमंडळात विषय काढला की रेल्वे टपालाच्या डब्यांत गोरे-काळे एकत्र काम करतात, ते वेगळे करायला हवेत. विल्सननं अडवलं नाही. खात्यात पडदे आले, जेवायच्या जागा वेगळ्या झाल्या. १९१४ पासून सरकारी नोकरीच्या अर्जाला फोटो लावणं सक्तीचं झालं. कशासाठी, ते सांगायला नको. ग्रेंजरच्या १८०२ च्या पत्राचा हा नातू.

आणि १९१७ मध्ये युद्ध आलं. जूनमध्ये हेरगिरीविरोधी कायदा झाला. त्यात एक कलम होतं की या कायद्याच्या विरुद्ध जाणारा मजकूर टपालातून न्यायचा नाही. केंडलला जे लेखी नको होतं ते बर्लसनला आयतं लेखी मिळालं. 'द मासेस' नावाचं समाजवादी मासिक होतं, संपादक मॅक्स ईस्टमन. ऑगस्टचा अंक अडवला. मंडळी कोर्टात गेली, न्यायाधीश लर्नेड हँड यानं मासिकाच्या बाजूनं हुकूम दिला. वरच्या कोर्टानं तो थांबवला. पुढची गंमत ऐका. सप्टेंबरचा अंक आला तेव्हा खात्यानं सांगितलं, सवलतीचं हशील नियमित निघणाऱ्या नियतकालिकालाच मिळतं. तुमचा ऑगस्टचा अंक टपालात आलाच नाही, म्हणजे तुम्ही नियमित नाही! अंक अडवणारे तेच, आणि अंक आला नाही म्हणून सवलत काढणारेही तेच. सवलत गेली की अंक पाठवायचा खर्च झेपत नाही. 'द मासेस' बंद पडलं.

'मिलवॉकी लीडर' या वर्तमानपत्राचंही असंच झालं. ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९२१ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी बर्लसन जिंकला. विरोधात होम्स आणि ब्रँडाइस. इंग्रजीखेरीज इतर भाषांतल्या वर्तमानपत्रांना तर सरकार किंवा युद्धाबद्दल काही छापायचं असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर आधी स्थानिक पोस्टमास्तराकडे द्यावं लागे. विचार करा, पोस्टमास्तर! तिकिटं विकणारा माणूस, त्याच्यापुढे जर्मन नाहीतर यिडिश संपादक भाषांतर घेऊन उभा.

बर्लसननंतरचा विल हेज यानं हे बरंच मागे घेतलं, सवलती परत दिल्या. म्हणजे कायदा तोच, माणूस बदलला आणि टपाल वाहायला लागलं. हाच हेज पुढे हॉलिवूडच्या चित्रपटांवर नीतिनियम लादणारा म्हणून प्रसिद्ध झाला, हा नशिबाचा विनोद.

मग ती जॅक्सनची युक्ती. १९६२ मध्ये काँग्रेसनं कायदा केला: परदेशातून येणारं साम्यवादी प्रचाराचं उघडं टपाल पोस्टानं थांबवायचं, पत्त्यावरच्या माणसाला एक कार्ड पाठवायचं, आणि त्यानं 'हो, मला हवंय' असं लिहून दिलं तरच द्यायचं. मागणाऱ्याचं नाव आपोआप सरकारच्या हातात. १८३५ च्या सूचनेत आणि यात फरक काय, तुम्हीच सांगा. कॉर्लिस लॅमंट यांच्याकडे येणारं 'पेकिंग रिव्ह्यू' असं थांबवलं. खटल्याचं नाव 'लॅमंट विरुद्ध पोस्टमास्टर जनरल'. मे १९६५ मध्ये सुप्रीम कोर्टानं एकमुखानं तो कायदा रद्द केला. भाषणस्वातंत्र्याच्या घटनादुरुस्तीखाली केंद्राचा कायदा सुप्रीम कोर्टानं रद्द करायची ही पहिली वेळ. ती आली टपालामुळे. कोर्टाचं म्हणणं साधं होतं: शिक्षक असेल, सरकारी नोकर असेल, तो असं कार्ड भरून पाठवायला कचरेल, आणि ते कचरणं हीच अडवणूक.

नोकऱ्यांच्या धाग्याचा शेवटही जवळच आहे. रूझवेल्टच्या काळात जेम्स फार्ली हा एकाच वेळी पोस्टमास्टर जनरल आणि डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्ष होता. लपवाछपवीसुद्धा उरली नव्हती. पण खालचा कामगार मात्र कंगाल. कमाल पगाराला पोचायला २१ वर्षं लागायची. १८ मार्च १९७० ला न्यू यॉर्कमध्ये पोस्टमननी संप केला. केंद्रीय नोकरांना संप बेकायदा होता, तरी देशभर दीड-दोन लाख माणसं बाहेर पडली. निक्सननं टपाल लावायला सैनिक पाठवले. सैनिकांना ते काही जमलं नाही. संपानंतर वाटाघाटी झाल्या आणि पोस्टमास्टर जनरल विंटन ब्लाउंटला हवा असलेला कायदा ऑगस्टमध्ये झाला. १ जुलै १९७१ पासून पोस्टखातं संपलं, 'पोस्टल सर्व्हिस' आली. पोस्टमास्टर जनरल मंत्रिमंडळातून बाहेर. त्याची निवड आता नियामक मंडळ करतं, राष्ट्राध्यक्ष थेट नेमत नाही. गावच्या पोस्टमास्तराला पक्षाचा वशिला लागत नाही.

राजकारण सुटलं का मग? २०२० मध्ये मंडळानं नेमलेला लुइस डिजॉय हा मालवाहतुकीच्या धंद्यातला आणि रिपब्लिकन पक्षाचा देणगीदार. महासाथीत लोक टपालानं मतदान करणार होते, आणि त्याच उन्हाळ्यात टपाल छाननीची यंत्रं हलवली जात होती, बटवडा मंदावला होता. ओरड झाली. ऑगस्टमध्ये त्यानं निवडणूक होईपर्यंत बदल थांबवले. हेतू काय होता यावर वाद घालता येईल. पण लोक इतके का हादरले, ते १८३५ माहीत असलेल्याला कळायला हवं.

व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं, आपल्याकडे हा अधिकार कुणाकडे? उत्तर थोडक्यात देतो. टिळकांवरचा राजद्रोहाचा पहिला खटला १८९७ चा. १८९८ मध्ये राजद्रोहाचं कलम कडक झालं आणि त्याच वर्षी टपालाचा कायदाही झाला. त्याच्या २६ व्या कलमानं टपाल अडवायचा अधिकार सरकारला आणि सरकारनं खास नेमलेल्या अधिकाऱ्याला दिला. टपालाच्या प्रमुखाकडे तो मुद्दाम ठेवलेला नाही. म्हणजे अमेरिकेत ज्याच्या हातात थैली तोच ठरवायचा. इथे ठरवणारा हात वेगळा, आणि थैलीवाला त्याचं ऐकणारा. १९८६ मध्ये संसदेनं हा अधिकार वाढवणारं विधेयक मंजूर केलं, ते राष्ट्रपती झैलसिंग यांच्याकडे गेलं. त्यांनी सही केली नाही आणि परतही पाठवलं नाही, टेबलावर ठेवून दिलं. २०२३ मध्ये १८९८ चा कायदा जाऊन नवा आला, १८ जून २०२४ पासून तो लागू आहे. त्यात लिहिलंय की इंडिया पोस्टचा प्रमुख टपाल सेवा महासंचालक असेल. टपाल अडवायचं, उघडायचं कलम त्याच कायद्यात नववं आहे. अधिकारी कोण, ते केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरवणार.